अकरावीला कॉलेजात जाणारच की!

प्रिय ताई,

आम्ही नऊ वर्षांपासून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मुलगी दहावीत आहे, पंधरा पूर्ण. तिच्या ओळखीतल्या निम्म्या मुली शाळा चालू असतानाच कम्युनिटी कॉलेजचे (इथली पहिल्या दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) कोर्स करतायत, शेजारच्या मुलीचे तर पाच झाले. हिचं यंदा प्रीकॅल्क्युलस संपतंय, म्हणून मला वाटतं की उन्हाळ्यातच कॅल्क्युलस उरकून टाकावं. जून-जुलैत आम्ही सांगलीला जाणार आहोत, पण कोर्स ऑनलाइन आहे, तिथून करेल. नवऱ्याचं म्हणणं, कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठेच ॲडमिशन न मिळणाऱ्यांची जागा. त्यापेक्षा शाळेतलं एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा वर्ग, करू दे. मुलीला दोन्ही नको. तिला ओलोनी या इथल्याच कम्युनिटी कॉलेजात अमेरिकन साइन लँग्वेज, म्हणजे कर्णबधिरांची भाषा, शिकायचीय! आम्ही एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. तिला हे चालतं का? आणि फॉर्म मीच भरून टाकू का? सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “अकरावीला कॉलेजात जाणारच की, त्यात एवढं काय?”

– गोंधळलेली आई

प्रिय फ्रीमाँटकर,

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अख्ख्या पत्रात शहाणं वाक्य त्यांचंच आहे. आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज, त्यामुळे सोळाव्या वर्षी पोरगी कॉलेजात जाते याचं सांगलीत कुणाला अप्रूप नाही. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातली ही कॉलेजंही हायस्कूलच्याच पोटातून निघालीत. १९०७ साली इथे कायदा झाला, की हायस्कूलांनी बारावीच्या पुढचं शिकवलं तरी चालेल. १९१०मध्ये फ्रेझनोत तसे वर्ग सुरू झाले, आणि त्यांना नाव काय दिलं, तर ज्युनिअर कॉलेज. आज अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं राज्यात आहेत.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. आपल्या पिढीच्या डोक्यात कॉलेजची किंमत कटऑफवरून ठरते. ज्याची यादी ब्याण्णवला बंद झाली ते भारी, जे पंचावन्नलाही घेतं ते “ठीक आहे”. इथे यादीच लागत नाही. अठरा वर्षांच्या पुढचा कोणीही येऊ शकतो, आणि तुमच्या मुलीसारख्यांना शाळेची व पालकांची संमती असली की घेतात. गाळणी दारात नाही, वर्गात आहे. आत गेल्यावर नापास करायला ते मागेपुढे पाहत नाहीत. आणि “कुठेच न मिळणारे” म्हणाल, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातून (यूसी) पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांतले साधारण तीस टक्के कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात. मिस्टरांच्या ऑफिसात चौकशी करा म्हणावं, दोन-चार सापडतील.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्याशी. मिस्टरांना हे कॉलेज हलकं वाटतं आणि तुम्हाला सोपं वाटतं. ते नको म्हणतात, तुम्ही हवं म्हणता, पण दोघांचा समज एकच आहे, की हे काही खरं कॉलेज नाही. “उरकून टाकावं” हा शब्द तुम्ही स्टॅनफर्डच्या कोर्ससाठी वापरला असतात का?

हिशोब मांडून बघू. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत एक युनिट म्हणजे सेमिस्टरभरात ४८ तासांचं काम, वर्गातलं आणि घरचं धरून. तीन युनिटचा कोर्स म्हणजे १४४ तास. कॅल्क्युलस बऱ्याच ठिकाणी पाच युनिटचं असतं, म्हणजे २४० तास. ऑगस्टअखेर ते डिसेंबर असं पसरलं तर आठवड्याला चौदा-पंधरा तास, म्हणजे जड, पण शक्य. तोच कोर्स उन्हाळ्यात सहा आठवड्यांत कोंबला, की आठवड्याला चाळीस तास. ही तुमच्या मिस्टरांची नोकरी झाली. आणि ती करायची कुठे, तर सांगलीत, जिथे दर दुसऱ्या दिवशी कुणीतरी जेवायला बोलावणार आणि “अगं किती अभ्यास करतेस, सुट्टी आहे ना” म्हणून लॅपटॉप मिटवणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्या थोरल्याने अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात सायकॉलॉजी घेतलं होतं. तीन युनिट, ऑनलाइन, सहा आठवडे. घेतलं म्हणजे मीच घ्यायला लावलं. “सोपा आहे, सगळी मुलं करतात.” मधे पुण्यात माझ्या भाच्याची मुंज होती. मी घड्याळाचं गणितही करून ठेवलं होतं: इथली रात्री ११:५९ची मुदत म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९, जेवायच्या आधी सबमिट करायचं की झालं. मुदती जमल्या. पण मिडटर्म ठरलेल्या वेळी कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची होती, इथल्या सकाळी नऊला, म्हणजे तिथे रात्री साडेनऊला. मुंजीचं घर, हॉलमध्ये पंगतीची भांडी चाललेली, दोन काका दाराशी मोठ्याने हिशोब करतायत, आणि हा आतल्या खोलीत कपाटाला पाठ लावून बसलेला. सी ग्रेड आला.

बरं, सी तर सी, शाळेच्या मार्कांत कुठे धरतात, असं म्हणून आम्ही विसरलो. पुढे तो चोविसाव्या वर्षी मेडिकलला अर्ज करायला बसला. तिथे बारावीनंतर काय शिकलात एवढंच विचारत नाहीत. आयुष्यात ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं, हायस्कूलमध्ये असताना घातलं असलं तरी, त्या प्रत्येकाची अधिकृत गुणपत्रिका मागतात. त्या एका सीसाठी आठ वर्षांनी, विसरलेला पासवर्ड शोधत, जुन्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागवली. प्रवेश मिळाला, त्याने काही बिघडलं नाही. पण त्या संध्याकाळी त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या लक्षात आहे.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: कॉलेजात नाव घातल्या दिवसापासून तिची कॉलेजची गुणपत्रिका सुरू होते, आणि ती पुसता येत नाही. कोर्स झेपत नाही असं सुरुवातीच्या ठरावीक तारखेआधी कळलं आणि सोडला तर मागे काही राहत नाही. त्या तारखेनंतर सोडला तर गुणपत्रिकेत डब्ल्यू, म्हणजे “कोर्स सोडला” असा शेरा, लागतो. एक डब्ल्यू म्हणजे जगबुडी नव्हे, पण तो दिसतो. या तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या असतात आणि कॉलेजच्या वेळापत्रकात छापलेल्या असतात. त्या फ्रिजवर चिकटवा, दूधवाल्याच्या हिशोबासारख्या.

एपीचं म्हणाल, तर मिस्टरांचं सगळंच चुकीचं नाही. एपीचा वर्ग शाळेतच, ओळखीच्या शिक्षकांकडे, वर्षभर पुरवून चालतो आणि शेवटी मे महिन्यात एक परीक्षा. मार्क एक ते पाच. दोन आले तर घरात ठेवता येतात, कुणाला पाठवायचे ते मुलांच्या हातात असतं. देशभरातल्या बहुतेक विद्यापीठांना ती परीक्षा ओळखीची आहे. कॉलेजच्या कोर्समध्ये एका सकाळच्या परीक्षेवर सगळं अवलंबून नाही, पण ग्रेड लपवता येत नाही. आणि त्याचं क्रेडिट कुठे चालेल ते विद्यापीठागणिक बदलतं. यूसी आणि कॅल स्टेट (राज्याचा दुसरा विद्यापीठसमूह) यांच्यासाठी ‘असिस्ट’ नावाची सरकारी वेबसाइट आहे; कॉलेज टाका, कोर्स टाका, तो कशाच्या जागी धरतील ते दिसतं. बऱ्याच खासगी विद्यापीठांचं मात्र धोरण असतं, की जो कोर्स हायस्कूलच्या पदवीत मोजला त्याचं क्रेडिट आम्ही देणार नाही. शेजारच्या मुलीचे पाच कोर्स झाले म्हणजे तिचं एक सेमिस्टर वाचलं, असं लगेच धरू नका.

यूसीचा एक फायदा मात्र खरा आहे. तिथे चालणारा कॉलेजचा एक सेमिस्टरचा कोर्स हा शाळेच्या एका वर्षाइतका धरला जातो, आणि जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) एपीसारखाच वरचा एक गुण मिळतो. पण या जादा गुणांना आठ सेमिस्टरची मर्यादा आहे, त्यातली दहावीची चारपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे शेजारणीशी शर्यत लावून दहावा कोर्स घेण्यात जीपीएच्या दृष्टीने काही हाशील नाही. आणि कितीही कोर्स केले तरी बारावीनंतर ती अर्ज करणार फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, म्हणूनच. एका कॉलेजातून दुसरीकडे जाणारी “ट्रान्स्फर” होऊन जाते की काय, ही भीती काही आयांना असते, ती काढून टाका.

साइन लँग्वेजकडे येते, कारण तुमच्या पत्रात त्या वाक्यापुढे उद्गारचिन्ह आहे आणि मला ते खटकलं.

तुम्ही फ्रीमाँटला राहता. कॅलिफोर्निया स्कूल फॉर द डेफ १९८०मध्ये बर्कलीहून तुमच्याच गावात आली. तिच्याभोवती अख्खा समाज वाढलाय. शिक्षक, माजी विद्यार्थी, त्यांची मुलंबाळं. ओलोनीत ही भाषा आणि दुभाष्याचं शिक्षण देणारा विभाग आहे, तो याच मातीतला. ही भाषा शिकायला लोक लांबून येतात, आणि तुमच्या लेकीला ती मिशन बुलेव्हार्डवर, ओलोनीतच मिळते. तिने दुकानाच्या रांगेत, बार्टच्या लोकलमध्ये माणसं हातांनी भांडताना, हसताना बघितली असणार. तुम्हीही बघितली असतील, फक्त तुमचं लक्ष गेलं नसेल.

ही भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे, आणि त्यातलं अर्धं चेहऱ्यावर चालतं. हो-नाहीचा प्रश्न विचारायचा तर भुवया वर. कोण, कुठे, का विचारायचं तर भुवया खाली, आक्रसलेल्या. भुवई चुकली की वाक्य चुकलं. माझ्या धाकटीने हा कोर्स केला तेव्हा ती दात घासताना आरशासमोर भुवयांचा सराव करायची; तिचे बाबा आधी घाबरले, मग स्वतःच करायला लागले. अनेक ठिकाणी वर्गात आवाज बंद ठेवायचा असतो, पहिल्या दिवसापासून. हे ऑनलाइन नको, प्रत्यक्ष वर्गातच घेऊ दे.

आणि तुमच्यातल्या हिशोबी आईसाठी: यूसीला लागणाऱ्या विषयांत दुसऱ्या भाषेचा जो रकाना आहे, त्यात ही भाषा धरतात. तिचं स्पॅनिश किंवा फ्रेंच आधीच चालू असेल तर तशी गरजही नाही. मग आवडीने शिकू दे. जे तिच्या शाळेत शिकवत नाहीत ते बाहेर शिकायला जाणं, याहून कॉलेजात जायला चांगलं कारण मला सुचत नाही. कॅल्क्युलस तर तिच्या शाळेतच आहे, पुढच्या वर्षी एपी म्हणून वर्षभर पुरवून करेल. त्यात तुमचे मिस्टरही खूश. पुढे शाळेचं गणित संपलं आणि तिला भूक राहिली, तर बारावीत मल्टिव्हेरिएबल किंवा लिनिअर अल्जिब्रासाठी हीच वाट उघडी आहे, तेव्हा ती खरंच लागेल.

व्हिसाचं थोडक्यात. एच-फोरवरच्या मुलांना शिकायला आडकाठी नाही, शाळा असो की कॉलेज, अर्धवेळ असो की पूर्णवेळ. त्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. कॉलेजच्या अर्जात रहिवासाचे प्रश्न असतात. अठराच्या आतल्या मुलांचा रहिवास पालकांवरून ठरतो आणि एच-वन बी, एच-फोरवाल्यांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरता येतं. नऊ वर्षांचे कागद तुमच्याकडे आहेतच, पासपोर्ट आणि व्हिसा-मंजुरीचा कागद, आय-७९७, हाताशी ठेवा. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणून पदवी लवकर उरकावी, हा विचार तुमच्या मनात असणार. आपल्या सगळ्यांच्या घरात तो जेवणाच्या टेबलावर बसलेला असतो. तो खोटा नाही. पण दहावीतला एक कोर्स तो प्रश्न सोडवत नाही. त्याच्यासाठी वकिलाशी बोला, मुलीच्या वेळापत्रकाशी नको.

पैशांचं तर फारच सोपं. एरवी एका युनिटला ४६ डॉलर फी आहे. हायस्कूलमधून अर्धवेळ येणाऱ्यांना बहुतेक कॉलेजं ती माफ करतात. किरकोळ शुल्कं लागू शकतात, आणि पुस्तकांचा खर्च असतो. वेळापत्रकात काही वर्गांपुढे “पुस्तकाचा खर्च शून्य” अशी खूण असते, ती बघून घ्या. युनिटचीही मर्यादा आहे: अर्धवेळ म्हणजे एका सत्रात अकरापर्यंत. तुम्ही एकच कोर्स घ्या. अकराचा विचारही नको.

आता फॉर्म. नाही, तुम्ही भरायचा नाही.

अर्ज ‘सीसीसी अप्लाय’ या वेबसाइटवर होतो, सगळ्या कॉलेजांसाठी एकच, फुकट. तो भरायला तिला पाऊण तास लागेल आणि तीन ठिकाणी ती “आई” म्हणून हाक मारेल. तुम्ही शेजारी बसा, कीबोर्डला हात लावू नका. ईमेल तिचा स्वतःचा हवा, आणि शाळेचा नको, कारण शाळा संपली की तो बंद होतो. माझ्या एका मैत्रिणीने सगळीकडे स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन टाकला. वर्ग रद्द झाल्याचा निरोप तिला मीटिंगमध्ये आला आणि मुलगा रिकाम्या खोलीबाहेर तासभर उभा.

नावाची काळजी घ्या. हा आपल्या लोकांचा खास घोळ. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव आहे, शाळेच्या दाखल्यावर नाही, आणि अर्जात एखादी आई ते आडनावाला जोडून टाकते. मग शाळेची मुलगी एक आणि कॉलेजची मुलगी दुसरी. खोट्या नावांनी येणारे अर्ज हुडकून काढायचं काम कॉलेजांच्या मागे लागलंय, त्यामुळे न जुळणारं नाव अडकतंच. शाळेत जसं आहे तसं लिहा. शिक्षणाच्या प्रश्नात “हायस्कूलमध्ये शिकत असताना कॉलेजचे कोर्स घेणार” हाच पर्याय निवडायचा. चुकून “पहिल्यांदाच येणारा विद्यार्थी” निवडलं की ती नेहमीच्या विद्यार्थ्यांत जाते आणि फीचं बिल घरी येतं.

विद्यार्थी क्रमांक आला की दुसरा कागद, शाळेच्या संमतीचा. त्यावर कोर्सचं नाव, तुमची सही आणि शाळेतर्फे काउन्सेलरची किंवा प्रिन्सिपलची सही. हा दर सत्राला नव्याने लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर काउन्सेलर सुट्टीवर जातात, मग तुम्ही सांगलीत आणि सही फ्रीमाँटमध्ये, असं होईल. मे महिन्यातच घ्या. त्याच भेटीत विचारा, की हा कोर्स शाळेच्या गुणपत्रिकेत येणार का आणि कसा. उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तरं काउन्सेलर बदलला की बदलतात.

जागेचं आश्वासन मात्र मी देत नाही. हायस्कूलच्या मुलांची नोंदणी शेवटी उघडते, कायद्यानेच, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थ्यांची जागा जाऊ नये. आणि ते बरोबरच आहे. वर्गात तिच्या शेजारी रात्रपाळी करून आलेली बाई असेल, तिला तो कोर्स नोकरीसाठी लागतो. तेव्हा पहिला वर्ग भरलेला असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घालायचं, दुसऱ्या वेळेचा एक वर्ग मनात ठेवायचा, आणि पहिल्या दिवशी काहीही करून हजर राहायचं. न आलेल्यांची नावं शिक्षक त्याच दिवशी काढतात, आणि प्रतीक्षा यादीतल्या समोर बसलेल्या मुलीला आत घेतात. सांगलीहून परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा. ऑगस्टच्या अखेरीस वर्ग सुरू होतात. जेट लॅगला एक आठवडा द्या.

आणखी एक, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तिच्या कॉलेजच्या नोंदींवर तिचा हक्क असतो, ती सोळाची असली तरी. तुम्ही फोन करून “माझ्या मुलीला किती मिळाले” विचारलंत, तर समोरचा अतिशय गोड आवाजात सांगणार नाही. शिक्षकांना ईमेलही तिनेच करायचा. पालकसभा नाही, घरी प्रगतिपुस्तक येत नाही. आजारी पडली तर कळवणं तिचं काम. पहिल्या महिन्यात तुम्हाला हात बांधल्यासारखं वाटेल. मला तर घशात गाठ आल्यासारखं झालं होतं, आणि ती तर धाकटीच्या वेळची, माझी दुसरी खेप होती.

ती अजून गाडी चालवत नाही, म्हणजे सोडायला-आणायला तुम्ही दोघं आलातच. पार्किंगला परवाना लागतो का ते आधी बघा, पहिल्याच दिवशी चिठ्ठी काचेवर नको. गाडीत पुस्तक घेऊन बसा. वर्गाच्या दारापर्यंत जाऊ नका.

– तुमची ताई